लाइट गेली तरी हिशोब सुरक्षित

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तीसुद्धा अर्धीअधिक भावाला कडेवर घेऊन दारात बसून. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या कोणाच्या हाती लागलंच तर चुकांवर हसू नये, गोष्ट तेवढी वाचावी.

मुलीने मला तिचा जुना फोन दिला आहे. परवा तो म्हणायला लागला की जागा संपली. मी बसून नातवाचे हललेले, काळे आलेले फोटो पुसले, तरी जागा तेवढीच. मुलगी म्हणाली, "आई, पुसलं म्हणजे लगेच जागा रिकामी होत नाही. तो मागाहून आपली सफाई करून घेतो. मध्येच बंद करू नकोस." तिने सहज सांगितलं, पण माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी फोन गादीवर आपटला. तिला वाटलं, मी तिच्यावर रागावले. मी तिच्यावर नाही रागावले. इतक्या वर्षांनी माझा राग जागेवर आहे हे मलाच तेव्हा कळलं. तो कोणावर आहे ते आज लिहून काढते.

निर्वासित सिंध्यांच्या आमच्या गावाचे पाच कॅम्प, त्यातल्या कॅम्प चारमध्ये एका शेठचा कारखाना होता. कारखाना म्हणजे वर पत्रा, खाली दोन लांब टेबलं आणि पुढे काउंटर. तिथे एसटीडी बूथची मीटरं बनायची. फोन लावला की लाल आकडे पळायचे आणि शेवटी कागदाची स्लिप बाहेर यायची, ते मीटर. त्या काळात प्रत्येक नाक्यावर पिवळा बोर्ड लागत होता, त्यामुळे शेठचं चांगलं चाललं होतं. आम्ही सहा-सात बाया झाळणकाम, म्हणजे कथिलाने तारा जोडायचं काम, फिटिंग आणि पॅकिंग करायचो. मी कॅम्प पाचवरून चालत जायचे. तोंड उघडायची मला सवय नव्हती. कोणी विचारलं तर मान हलवायची, एवढंच. बाया मला चिडवायच्या की हिला पगार मुकी म्हणून जास्त मिळतो.

सुरुवातीला माझ्याकडे चिपा पुसायचं काम होतं. मीटरमध्ये एक काळी चिप असते, तिच्यात दर आणि हिशोब कसा करायचा ते भरलेलं असतं. फोनचे दर बदलले की जुन्या चिपा परत यायच्या. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. वरचा कागद नखाने काढायचा, खिडकी स्पिरिटने पुसायची आणि चिपा एका पेटीत मांडायच्या. पेटीत जांभळी ट्यूब होती. तिचा उजेड खिडकीतून आत गेला की आतलं सगळं पुसलं जायचं. सगळं म्हणजे सगळं, अर्धं पुसायची सोय नाही. पेटीचं झाकण उघडलं की ट्यूब आपोआप विझायला हवी, तसं बटण होतं. शेठने ते बटण तार लावून कायमचं दाबून टाकलं होतं, कारण ट्यूब परत पेटायला वेळ लागतो. संध्याकाळी घरी गेले की डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं. चष्मा मागितला तर शेठ म्हणाला, तोंड फिरवून झाकण उघड. मी तोंड फिरवून झाकण उघडत राहिले.

माझ्याआधी ती पेटी दादीकडे होती. दादी म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी, सिंधी, विधवा. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, तसं तिला शेठपासून सगळे दादीच म्हणायचे. आता तिला दिसत नव्हतं, म्हणून ती पॅकिंगला होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले वयामुळे. असेल. ती खोक्यावर स्टिकर हाताने चाचपून लावायची आणि वाकडा लागला की शेठ ओरडायचा. ऑपरेशनसाठी ती पैसे जमवत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग नव्या चिपा आल्या. त्यांना खिडकी नव्हती. त्या मीटरमध्येच बसल्या बसल्या करंटने पुसता यायच्या. त्यामुळे नुसते दर नाही, झालेले कॉलसुद्धा मीटर आतच साठवून ठेवणार होतं. जांभळी पेटी माळ्यावर गेली आणि मला आनंद झाला. या नव्या चिपा बसवणारे साहेब अंबरनाथहून यायचे. डिप्लोमा झालेले, सौम्य बोलणारे, बायांना अहो-जाहो करणारे. एकदा डबा खाताना आम्ही विचारलं की खिडकी नाही तर पुसतं कसं. त्यांनी नीट समजावलं.

ते म्हणाले, या चिपेत कप्पे आहेत. कप्प्यात एकेक कॉल ओळीने लिहिला जातो. लिहिलेली ओळ खोडता येते, पण खोडलेल्या जागी परत लिहिता येत नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्या कॉलवर काट मारतात, जागा मात्र अडलेलीच राहते. ती जागा परत हवी असेल तर अख्खा कप्पा एकदम धुवावा लागतो. आणि त्या कप्प्यात काट न मारलेले, म्हणजे पैसे यायचे बाकी असलेले कॉलही असतात. ते आधी उचलून दुसऱ्या रिकाम्या कप्प्यात नेऊन लिहायचे, ते तिथे पोचले याची खात्री करायची आणि मगच जुना कप्पा धुवायचा. म्हणून एक कप्पा कायम रिकामा ठेवावा लागतो.

मला ते लगेच पटलं, कारण आमच्याकडे तसंच व्हायचं. आम्ही राहायचो त्या जुन्या लष्करी बराकीच्या खोल्या केलेल्या होत्या. टोकाची एक खोली बरीच वर्षं रिकामी होती, तिथलं कुटुंब बदलापूरला गेलं होतं आणि किल्ली बराकीत होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी सगळ्या घरांना चुना मारायचा. एकेका घराने पाळीने आपलं सामान त्या रिकाम्या खोलीत न्यायचं. फुटकं-तुटकं बाहेर, चांगलं खोलीत. शेवटचं भांडं तिकडे पोचल्याशिवाय भिंतीला खरवडणी लावायची नाही, हा नियम. एका वर्षी एका घराला घाई झाली. पाळी येईपर्यंत कोण थांबणार म्हणून त्यांनी सामान हातगाडीवर रचलं आणि भिंत खरवडायला घेतली. दुपारी हातगाडीवाला आला, त्याला माल उचलायचा होता. त्याने सगळं गल्लीत उतरवलं आणि गाडी घेऊन गेला. आरसा फुटला, स्टोव्ह कोणी नेला तो शेवटपर्यंत सापडला नाही. बराकीत त्यांना कितीतरी दिवस विचारायचे, "काय, हातगाडी आली का?"

मी ते सांगितलं, तशी मी कधी एवढं बोलत नाही. साहेब हसले आणि म्हणाले, बरोबर, फक्त चिपेतलं सामान परत जुन्या घरात येत नाही. ते नव्या खोलीतच राहतं आणि धुतलेली खोली पुढच्या वेळेची रिकामी खोली होते.

हे सगळं इतकं सरळ होतं. चौथी शिकलेल्या बाईला डबा खाता खाता कळलं, इतकं.

पण शेठला ती रिकामी जागा बघवेना. कल्याणच्या कोणीतरी मीटर काढलं, त्यावर आमच्यापेक्षा जास्त कॉल साठतात असं छापलं होतं. शेठने साहेबांना टेबलापाशीच विचारलं, "वो एक खाना खाली क्यों पड़ा है? भाड़ा आता है क्या उसका?" साहेब म्हणाले, ती जागा सफाईसाठी लागते. ती दिली तर चांगले कॉल सफाई होईपर्यंत दुसऱ्या छोट्या चिपेत धरून ठेवावे लागतील आणि ती चिप करंट गेला की सगळं विसरते. शेठ म्हणाला, सफाईला किती वेळ लागतो? साहेब म्हणाले, अर्धा मिनिट, कधी जरा जास्त. शेठ हसला. त्याच अर्ध्या मिनिटात लाइट जाणार आहे काय, असं म्हणून तो काउंटरवर गेला. साहेबांनी दोन-चार दिवसांत तसं करून दिलं. खोक्यावरचा आकडा वाढला. आणि त्याच्याखाली नवीन स्टिकर आला, लाल अक्षरांत: लाइट गेली तरी हिशोब सुरक्षित. तो स्टिकर दादी चाचपून चाचपून लावायची.

माझा भाऊ माझ्याहून लहान. लहानपणी पोलिओने पाय गेला. मी कडेवर घेऊन शाळेत बसायचे तो हाच. पुढे त्याला अपंगांच्या कोट्यातून बदलापूरला बूथ मिळालं. स्टेशनपासून लांब, पत्र्याचं, पण त्याचं स्वतःचं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने मला साडी घेतली ती त्या बूथच्या कमाईवर. मीटर मी आमच्या कारखान्यातून दिलं. शेठ म्हणाला, स्टाफला कमी भावात देतो, पगारातून थोडे थोडे कापतो. मला तेव्हा मोठेपणा वाटला. माझ्या हाताने झाळलेलं मीटर माझ्या भावाच्या टेबलावर.

त्याला चालवायला मीच शिकवलं. बंद करताना रिपोर्टचं बटण दाब, दिवसाची स्लिप निघेल, ती फाड, आणि मेन पाड. मेन पाडायचं मी का शिकवलं? कारण आमच्या कारखान्यात भिंतीवर बोर्ड होता: जाताना मेन बंद करा. शेवटी निघणाऱ्या बाईने खटका खाली ओढायचाच, नाही ओढला तर शेठ पगारातून कापायचा. कॅम्पात सगळीकडे हीच रीत. जुन्या वायरी, पत्र्याची छपरं, शेजारी कापडाचे गठ्ठे, आग लागली तर गल्ली जाईल. दुकान बंद म्हणजे मेन खाली. कॅम्पातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

आता बघा. रिपोर्ट काढला की मीटर त्या दिवशी मिळालेल्या पैशांच्या कॉलवर काट मारतं. कप्पा भरत आला असेल तर लगेच सफाई सुरू करतं. म्हणजे सफाई नेमकी कधी चालू होणार? बूथवाला स्लिप फाडतो आणि मेनकडे वळतो तेव्हा. रोज नाही होत, कप्पा महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भरतो. पण होतं तेव्हा त्याच वेळी होतं. लाइट जाण्याची वाटसुद्धा बघावी लागत नाही.

भावाच्या बूथजवळ एक छोटी कंपनी होती. त्यांची स्वतःची लाइन यायची होती, तोवर त्यांची माणसं भावाकडून लांबलांबचे कॉल करायची. पैसे महिन्याने. मीटरमध्ये त्यांचा नंबर टाकला की ते कॉल वेगळे, पैसे येईपर्यंत काट न मारता राहायचे आणि महिन्याअखेर त्यांची यादी निघायची. भावाने वेगळं लिहून ठेवलं नाही. कशाला ठेवेल? मीटर त्यासाठीच तर होतं.

महिना भरला, त्याने त्यांचा नंबर दाबला आणि कोरा कागद बाहेर आला. परत दाबला, परत कोरा.

तो कुबडी घेऊन दोन बस बदलून माझ्या घरी आला. आल्या आल्या म्हणाला, "ताई, मी मशीनला हातपण नाही लावला. रोजच्यासारखी स्लिप काढली आणि मेन पाडली." मी पाणी दिलं तर पेला तसाच धरून बसला. कंपनीचा कारकून वाईट माणूस नव्हता. स्लिप दाखवा, चेक देतो म्हणाला, आणि त्याला आठवत होते तेवढ्या कॉलचे पैसे त्याने दिले. बाकीचे कोण देणार? टेलिफोन खात्याच्या बिलात एकच मोठा आकडा, कोणी केले ते नाही. बिल भरलं नाही तर लाइन कापणार, लाइन कापली की बूथ जाणार, आणि एकदा गेलेलं बूथ परत मिळत नाही. घरी आमचे हे म्हणाले, तुझ्या शेठच्या डब्याने तुझ्या भावाला बुडवलं. टोमणा होता, पण खोटा नव्हता.

मी शेठकडे गेले. माझ्यासाठी ते केवढं होतं ते मलाच माहीत. पदर घट्ट धरून काउंटरपाशी उभी राहिले आणि कसंबसं सांगितलं. सगळ्या बाया ऐकत होत्या, साहेब समोरच्या टेबलावर होते. शेठने मीटर उघडलंसुद्धा नाही.

"मशीन में कुछ नहीं है। तेरे भाई ने मेन गिराया। मेन गिराएगा तो मशीन क्या करेगा?" आणि मग हसत म्हणाला, "लंगड़े को बोल, पाँव नहीं तो हाथ तो सँभाल के चलाए।"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी मागे वळून बघितलं नाही. मी साहेबांकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं, त्यांनीच बदललं होतं. त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो ते बोटांत फिरवत राहिले आणि मान वर केली नाही. शेठचा राग आला तो समजण्यासारखा होता, शेठ म्हणजे शेठ. पण मला अहो-जाहो करणाऱ्या त्या माणसाचा असा राग आला की मी जागेवर येऊन बसले तेव्हा झाळणीचं टोक बोटाला लागलं आणि बराच वेळ कळलं नाही.

डबे धुताना दादी नळाजवळ आली. तिने माझा हात शोधला आणि रुमालात बांधलेले पैसे त्यात ठेवले. ऑपरेशनचे. मी नको नको म्हटलं. ती म्हणाली, "मुझे तो वैसे भी नहीं दिखता। थोड़ा और नहीं दिखेगा। बूथ गया तो वापस नहीं आएगा।" बिल भरलं गेलं. बूथ राहिलं. भाऊ त्यानंतर माझ्याकडे जेवायला येईनासा झाला, लाजेने. आणि दादी स्टिकर वाकडे लावत राहिली आणि शेठ तिला ओरडत राहिला, "दादी, सीधा चिपका, अंधी है क्या?" तो प्रत्येक शब्द माझ्या अंगावर पडायचा.

पगाराच्या दिवशी पाकीट घेतलं तर त्यातून मीटरचा हप्ता कापलेला. ज्या मीटरने हिशोब गिळला त्याचाच हप्ता. मी पाकीट कमरेला खोचलं. त्या संध्याकाळी शेवटी निघणारी मी होते. झाळणीच्या सगळ्या पिना काढल्या, सगळ्या थंड झाल्या का ते बघितलं. खटक्यापाशी गेले. टेस्टिंगच्या फळीवर नाशिकच्या व्यापाऱ्याची मीटरं ओळीने लावलेली, सगळ्यांचे लाल आकडे पेटलेले. रोज मी खटका ओढायचे आणि ते एकदम विझायचे. त्या दिवशी माझा हात वर गेला आणि थांबला. मेन पाडेल तर मशीन काय करेल, असं म्हणाला होता ना. बरं. मी ट्यूबलाइटी तशाच, पंखे तसेच ठेवून कुलूप लावलं. चुकून नाही. शेठचं बिल येऊ दे, असं म्हणून ठेवलं.

सकाळी गेले तर शेठ दारातच. नाशिकचा व्यापारी माल न्यायला आलेला, काउंटरवर चहा पीत होता. आत सगळे पंखे गरगरत होते. शेठने विचारलं, शेवटी कोण होतं? बायांनी माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, बोर्ड दिसत नाही? मेन का नाही पाडली?

मी तोंड उघडलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"तुम्हीच म्हणालात शेठ, मेन पाडली की हिशोब जातो. माझ्या भावाचे कॉल गेले तेव्हा हेच सांगून मला परत पाठवलंत. फळीवर मशिनी चालू होत्या. मी मेन कशी पाडू?"

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. "काय म्हणते ही? कसला हिशोब जातो?"

शेठ म्हणाला, "कुछ नहीं साईं, अनपढ़ औरत है।"

व्यापारी साहेबांकडे वळला. "तुम्ही सांगा."

साहेब आधी शेठकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि मग त्यांनी सांगितलं. रिकामा कप्पा होता तो काढला, आता सफाईच्या वेळी उधारीचे कॉल नुसते धरून ठेवतो, तेवढ्यात करंट गेला तर जातात. रिपोर्ट काढल्यावर लगेच मेन पाडू नये असं बूथवाल्यांना सांगायला हवं होतं, ते आपण सांगितलं नाही. त्यांचा आवाज नेहमीसारखाच सौम्य होता. मला वाटलं, हेच त्या दिवशी बोलले असते तर काय झालं असतं.

व्यापारी म्हणाला, "अहो, माझे सगळे बूथवाले दुकान बंद करताना मेन पाडतात. सगळे. मीपण पाडतो."

तेवढ्यात दादी पॅकिंगच्या टेबलावरून एक खोकं घेऊन आली. वाटेत स्टुलाला अडखळली. तिने खोकं काउंटरवर चाचपून ठेवलं, स्टिकर वर करून. "ये मैंने चिपकाया है," ती म्हणाली. "टेढ़ा है। पर पढ़ लो।"

व्यापाऱ्याने वाचलं, मोठ्याने. लाइट गेली तरी हिशोब सुरक्षित. कोणी हसलं नाही.

त्याने माल उचलला नाही. कप्पा परत रिकामा ठेवून सगळी मीटरं नीट केल्याशिवाय एक खोकं नेणार नाही म्हणाला. आणि जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून शेठला म्हणाला, या बाईच्या भावाचं आधी मिटवा. उद्या माझी माणसं अशीच माझ्या दारात आली तर मी त्यांना काय सांगू? माझ्या भावाची त्याला काळजी नव्हती, स्वतःची होती. चालेल. ज्याची त्याला काळजी असली तरी काम झालं.

शेठने पैसे द्यायचं कबूल केलं, पण एकदम नाही. दर शनिवारी थोडे. आणि दर शनिवारी मला काउंटरपाशी उभं करायचा, आधी दुसऱ्यांचे पगार, मग गिऱ्हाइकं, मग फोन, आणि सगळ्यात शेवटी नोटा सरकवायचा. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ले, तेरा ॲडव्हान्स।" ॲडव्हान्स. जणू मीच त्याच्याकडून उसने घेत होते. चूक झाली हा शब्द त्याच्या तोंडून कधी आला नाही. भावाबद्दल जे बोलला त्याबद्दल तर नाहीच. मी नोटा घ्यायचे, त्याच्यासमोर मोजायचे, आणि उभं राहून पाय दुखले तरी स्टुलावर बसायचे नाही. बसलं तर थकले असं वाटलं असतं त्याला.

साहेबांनी एक-दोन महिन्यांनी मला एकटीला गाठून सांगितलं की त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, मिटलं. मी मान सगळ्यांनाच हलवते.

रिकामा कप्पा परत आला. खोक्यावरचा आकडा कमी झाला. स्टिकर मात्र तोच राहिला, आता तो खरा होता. भावाने कंपनीचे कॉल रोज वहीत उतरवायला सुरुवात केली, आणि तो परत माझ्याकडे जेवायला आला तेव्हा मी मुद्दाम सुकट केली, त्याला आवडते म्हणून. मेन तो अजूनही पाडायचा. मी त्याला एकदाही पाडू नकोस म्हटलं नाही.

आलेले पैसे मी घरी नेत नव्हते. शनिवारी काउंटरवरून निघाले की सरळ पॅकिंगच्या टेबलाशी जायचे. दादी हाताने स्टिकर दाबत असायची. मी नोटा तिच्या मुठीत द्यायचे आणि ती प्रत्येक नोट अंगठ्याने चोळून कितीची आहे ते सांगायची, आणि कधी चुकायची नाही.

शेवटच्या शनिवारी शेठने नोटा फेकल्या, सरकवल्यासुद्धा नाहीत. एक खाली पडली. मी वाकून उचलली, झटकली, आणि मोजल्या. बरोबर होत्या. दादीकडे गेले. तिने चोळून चोळून बघितल्या, ओठ हलवत मोजल्या आणि विचारलं, "पूरे?"

"पूर्ण," मी म्हटलं. "आता काही बाकी नाही."

तिने रुमाल काढला, पैसे मधोमध ठेवले आणि आधीसारखी घट्ट गाठ मारली.